सहाव्या वर्षीची दाढ

दुधाचा दात पडला की आमच्या घरी त्याचा मान असायचा. आजी तो धुवून माझ्या तळहातावर ठेवायची आणि अंगणात उभं करून कौलांवर फेकायला लावायची. उंदराने तो न्यावा आणि त्याच्यासारखा बळकट दात द्यावा, एवढंच मागणं. फेकण्याआधी मी तो निरखायचे. तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा, खालून पोकळ, मूळ नाहीच. मला वाटायचं, ते तुटून हिरडीतच राहिलं. खरं तर पक्का दात खालून वर येऊ लागला की शरीरच ते मूळ हळूहळू विरघळवून टाकतं.

त्याच सुमारास, सहाव्या वर्षी, सगळ्यांत मागे एक दाढ आली. तिच्यासाठी कुणी पडलं नाही, म्हणून ती आलेली कुणाला कळलीही नाही. पुढे तिला कीड लागली तेव्हा घरात सगळे म्हणाले, "दुधाची आहे, पडेल." लवंगेच्या तेलाच्या बोळ्यावर दिवस निघाले. अकराव्या वर्षी ती काढावी लागली. डॉक्टरांनी ट्रेमध्ये ठेवून दाखवली, तर तिला दोन लांब, भक्कम मुळं. "ही पक्की होती," ते हळूच म्हणाले. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

ती दाढ केव्हापासून घडत होती, हे मला फार उशिरा कळलं. गर्भ सहा आठवड्यांचा असतानाच जबड्यात पेशींची एक पट्टी तयार होते आणि तिच्यावर दातांच्या कळ्या धरतात. जन्माच्या वेळी 20 दुधाचे दात हिरडीखाली घडत असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत या दाढेच्या टोकांवर खनिजाचा पहिला थर चढतो. म्हणजे माझं बारसं होत होतं, तेव्हा तिचं काम सुरू झालं होतं. इनॅमल रचणाऱ्या पेशी दिवसाला साधारण चार मायक्रॉन थर चढवतात. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले चार. जन्माच्या वेळचा ताणसुद्धा या थरांत एक रेघ उमटवून जातो. दुधाच्या दातांत ती असते, या दाढेतही बहुधा सापडते. तीन वर्षांत दाढेचा वरचा भाग पुरा होतो. मग मूळ वाढू लागतं आणि दाढ वर सरकते. ती हिरडीबाहेर येते तोवर इनॅमल घडवणाऱ्या पेशी संपलेल्या असतात. मोडलेलं हाड सांधतं, कातडी भरून येते. इनॅमल मात्र गेलं की गेलं.

माझी शेजारची दाढ त्या जागेकडे कलली आहे. उरलेल्या फटीत जीभ अजून जाऊन येते.

लेक सहा वर्षांची झाली तेव्हा मी रोज रात्री टॉर्च लावून तिचं तोंड बघायचे. एके रात्री शेवटच्या दुधाच्या दाढेमागे हिरडी फुटलेली दिसली आणि आत पांढरंशुभ्र, ओलं टोक.

"आई, जरा बघ गं," मी हाक मारली. आई चष्मा शोधून आली. टॉर्च स्वतःच्या हातात घेऊन कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. काही बोलली नाही.

दुसऱ्या रात्री नातीचा ब्रश झाला, तर बेसिनपाशी आई उभी. तिची हनुवटी धरून म्हणाली, "मागची राहिली बाळा. तेवढी घास."