लक्ष्मी केवढ्याला?

दिवाळीच्या बाजारात लातूरच्या गंजगोलाईला पाय ठेवायला जागा नसते. सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात आणि सोळाही रस्त्यांनी माणसं लोटत असतात. एका कडेला पोतं अंथरून एक बाई केरसुण्या विकत होती. "काय बघायलाव मावशी, लक्ष्मी घ्या की!" असं एका गिऱ्हाइकाला म्हणता म्हणता तिच्या पुढ्यात कुणाच्या तरी झेंडूचा पाचोळा येऊन पडला. तशी ती मागं वळून पोरावर ओरडली, "आरं, त्यो फडा आण हिकडं." पोरानं आणलेला फडा झिजून झिजून वीतभर उरला होता. शिंदीची पानं तीच, बांधणारा हातही बहुधा तोच. पण पुढं मांडलेल्या त्या लक्ष्म्या आणि मागं पडलेला तो फडा. तिनं पाचोळा लोटला, फडा पाठीमागं टाकला आणि पुन्हा लक्ष्मीचा भाव सांगू लागली.

आमच्या घरी हे लक्ष्मीपण फार तर एक रात्र टिकायचं. लक्ष्मीपूजनात नव्या केरसुणीला हळदीकुंकू लागायचं, पाडव्याला सकाळी तीच अंगणात. तरी तिचा मान असा की पाय लागला तर आजी नमस्कार करायला लावायची. दिवेलागणीनंतर झाडायचं नाही. कुणी गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ तर मुळीच नाही. भूत मात्र कितीही वाजता झाडलेलं चालायचं! भाषण झाडा, गोळी झाडा, हात झाडून मोकळे व्हा, त्यालाही वेळेचं बंधन नाही.

मला स्वतःला शिंदीचाच फडा आवडतो. शहाबादी फरशीच्या सांधीतली माती तोच काढतो. दुकानातला मऊ फुलझाडू पहिले आठ दिवस कचरा काढण्यापेक्षा स्वतःच करतो. पण शिंदी आता दिसते कुठं? पूर्वी ओढ्याकाठी, पांदीला असायची. पात्याचं टोक सुईसारखं आणि देठाशी काटे, त्यामुळं फांदी तोडणाऱ्याचे हात ओरबाडलेलेच. पानं वाळवायची, चिरायची, मुठीशी आवळून बांधायची. हे काम मातंग समाजाकडं. दोरखंड आणि फडे त्यांनी पुरवायचे आणि सुगीला खळ्यावर येऊन धान्य न्यायचं. त्यांनी बांधलेली लक्ष्मी देवघरापर्यंत जायची. बांधणारा उंबऱ्याच्या बाहेर.

याच झाडाची नीरा आंबली की शिंदी होते, प्यायची. हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यात त्या शिंदीच्या अबकारीचा पैसा रग्गड जायचा. १९४७ च्या ऑगस्टमध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसनं भारतात सामील होण्यासाठी लढा सुरू केला, तेव्हा सत्याग्रहींनी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांबरोबर शिंदीच्या झाडांवरही मोर्चा वळवला. रात्री कुऱ्हाडी घेऊन निघायचं आणि झाडं पाडायची. उत्पन्न बुडवायचं, एवढा सरळ हिशेब. सप्टेंबर १९४८ मध्ये निजाम शरण आला. आज नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचं नाव आहे आणि मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत नाके येतात, रझाकार येतात, क्वचित शिंदीही येते. मला मात्र त्या पाडलेल्या झाडांपाशी सकाळी कोण आलं असेल, याचीच उत्सुकता. कुणीतरी आलंच असणार. आडव्या पडलेल्या झाडाला वर चढावं लागत नाही, काटे चुकवत हाताशी येईल तेवढी पानं तोडून घ्यायची. त्या दिवाळीला फडे स्वस्त झाले असतील आणि पुढच्या दिवाळीला महाग. स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी पुष्कळ छापून आल्या, फडे बांधणाऱ्यांच्या आठवणी माझ्या तरी वाचनात नाहीत.

नांदेडला दिवाळीच्या सुमाराला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात तख्तस्नान असतं. गोदावरीचं पाणी घागरींनी आणून तख्त धुतात. लातूरकराला हे ऐकूनच हेवा वाटतो. आमच्याकडं दुष्काळात पाणी आलं ते रेल्वेनं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात फरशी पुसणं म्हणजे चैन झाली होती. घरोघर नुसतं झाडणं चाललं होतं, सकाळी, दुपारी, धूळ दिसली की. पोछा खिळ्याला वाळून लाकूड झाला. ज्यांच्याकडं बोअरला पाणी होतं, तेही दार लावून पुसायचे, शेजारी बघतील म्हणून.

तेव्हापासून आमच्या गल्लीत पुसल्याचं पाणी कुणी नालीत ओतत नाही. ते कढीपत्त्याला जातं. फिनाईल घातलेलं असलं, तर शेजारच्यांच्या कढीपत्त्याला.