सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी यांस

मलकापूर, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर

मधल्या जोड्यांनो,

पोकरमध्ये तुमच्यातल्या एखादीची जोडी हातात आली की एक्क्यांच्या जोडीसारखा आनंद होत नाही आणि सत्ती-दुर्रीसारखं फेकूनही देववत नाही. घरातल्या मधल्या लेकींसारख्या तुम्ही. कामाला पुढे, कौतुकाला मागे. म्हणून हे पत्र.

आधी माझी चूक कबूल करतो. पावसाळ्यात आंबा घाटाकडून ढग आले की इथली लाइट जाते. मोबाइलच्या उजेडात पोकरची स्पर्धा खेळताना तुम्ही दिसलात की वाटायचं, जोडी आहे म्हणजे आपणच पुढे. समोरून रेज, म्हणजे वाढीव पैज, आली की मी त्यावर रेज करायचो आणि टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, म्हणजे फ्लॉपवर, राणी पडली तरी हट्ट सोडायचो नाही. हिशेब नंतर कळला. अठ्ठीची जोडी असेल तर फ्लॉपच्या तीन पानांत तिच्याहून मोठं एखादं पान येण्याची शक्यता 87 टक्के, दश्शीची असली तरी 69. तिसरी अठ्ठी येऊन सेट लागण्याची मात्र जेमतेम 12.

त्या 12 टक्क्यांची वाट पाहणं कॅश टेबलावर परवडतं. समोर चिप्सचा ढीग असतो, लागलं की वसूल होतं. स्पर्धेत ब्लाइंड, म्हणजे सक्तीने लावायची रक्कम, वाढत जातात आणि त्या मानाने सगळ्यांचे स्टॅक, म्हणजे जवळच्या चिप्स, आटत जातात. जुना ठोकताळा असा की, द्यायची रक्कम दोघांतल्या लहान स्टॅकच्या विसाव्या हिश्श्याहून जास्त असेल तर नुसत्या सेटच्या आशेवर आत जाऊ नये. उलट हाताशी दहा-बारा ब्लाइंड उरलेत आणि आधी कुणी शिरलेलं नाही, तर तुम्हाला घेऊन सरळ ऑल-इन करावं, सगळ्या चिप्स एकदम पुढे. मग फ्लॉप बघून घाबरायचा प्रश्नच नाही. सगळ्यांत अवघड वेळ बक्षिसाच्या उंबरठ्यावरची. आणखी एक जण गेला की पैसे मिळणार, अशा वेळी मोठा स्टॅकवाला ऑल-इन करतो आणि नव्वीची जोडी टाकून द्यावी लागते.

एवढं शिकूनही एक्का-राजापुढे तुम्ही शंभरात पंचावन्न वेळाच जिंकता. मग हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. पोकर त्यात बसतं का, यावर पुष्कळ वाद झाला. मला विचाराल तर चिप्स पुढे सरकवेपर्यंत कौशल्य, नंतरची पानं नशिबाची. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने हा भेदच पुसला. कौशल्य असो की नशीब, ऑनलाइन पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण टेबलंच बंद झाली.

मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. पंचावन्न आणि पंचेचाळीस यांतला फरक हाती लागायला शेकडो स्पर्धा खेळाव्या लागतात. पगार महिन्यातून एकदाच येतो. हे गणित तुम्हीच मला शिकवलंत, मी मात्र उशिरा शिकलो.

आता मित्र जमले की शेंगदाण्यांवर खेळतो. परवा नव्वीची जोडी आली. फ्लॉपवर राजा पडला, समोरच्याने मूठभर शेंगदाणे पुढे सरकवले. मी पत्ते टाकले.

तुमचा,
एक माजी हट्टी