मागच्या पानावरची उधारी

दिवाळी अंकात टंचाईची गोष्ट सांगू नये, असा एक संकेत आहे. चकलीचा घास तोंडात असताना वाचकाला दुसऱ्याच्या रिकाम्या डब्याची आठवण कशाला? परंतु मला सर्वांत स्पष्ट आठवणाऱ्या दिवाळीत चकली नव्हतीच. तेव्हा माझा नाइलाज आहे.

साल १९६५. माझे वडील कोंढ्याला प्राथमिक शिक्षक होते. भंडारा जिल्ह्यातले, आजच्या पवनी तालुक्यातले हे गाव. शेजारच्या कोसऱ्याला जोडून 'कोंढा-कोसरा' असेच त्याचे नाव घेतात. मुलूख धानाचा आणि तलावांचा. तलाव भरले तर धान, आणि धान झाले तर बाकीचे सगळे: लग्न, औषध, लुगडे, पाटी-पेन्सिल. त्या वर्षी धान निसवण्याच्या वेळीच पावसाने दगा दिला. देशाचे अन्नधान्य एका वर्षात ८ कोटी ९० लाख टनांवरून ७ कोटी २० लाख टनांवर घसरले, हे मी पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचले. तेव्हा एवढेच कळे की पाकिस्तानशी चाललेली लढाई सप्टेंबरात थांबली आहे आणि सोमवारी रात्री आपल्या घरी चूल पेटत नाही, कारण शास्त्रीजींनी तसे सांगितले आहे. आईला शास्त्रीजींचे फार कौतुक. उपाशी राहण्याला देशकार्याचे नाव मिळाले की त्याची लाज वाटेनाशी होते, हे तिने बरोबर ओळखले होते. ती मंगळवारीही एखादे वेळी शास्त्रीजींचे नाव पुढे करी!

बाबांचा पगार दोन महिने हातात पडला नव्हता. शेत नाही, त्यामुळे धानही विकतचे. घर चालत होते ते किराणा दुकानदाराच्या उधारीवर. लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही आमच्याकडे असे. दुकानदार आपल्या खातेवहीत लिही तेच हिच्यातही लिहून देई. ती वही घेऊन दुकानात जाण्याचे काम माझे. मी दहा वर्षांचा होतो. वाटेत वर्गातला मुलगा भेटला की वही सदऱ्याच्या आत जाई.

रेशनची साखर चहापुरती. म्हणून आईने गुळाचे शंकरपाळे केले आणि लाखोळीच्या पिठाची थोडी शेव पाडली. लाखोळी म्हणजे धानाच्या बांधीतच पेरायची, गरिबाची डाळ. तिची शेव चार दिवसांत जरा कडवट लागते; पण ती चार दिवस उरलीच नाही, तेव्हा त्या वर्षीचे सांगता येत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईने पाट मांडला. जवसाच्या तेलाच्या पणत्या, चांदीचा एक रुपया, नवा केरसुणीचा जुडगा आणि त्याच्या शेजारी ती लाल वही. वहीवर हळदकुंकू वाहिलेले, वर झेंडूचे फूल. बाबा आत आले आणि पाहतच राहिले.

"हे काय? उधारीची पूजा?"

"दुकानदार वहीची पूजा करतात, मग आपण का नाही? दोन महिने हिच्यावरच जेवलो ना?"

बाबा काही न बोलता ओट्यावर जाऊन बसले. चारचौघांत ताठ चालणारा माणूस. देणे आहे ही गोष्टच त्यांना आजारासारखी वाटे. आता त्या आजारावर फूल वाहिलेले पाहून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना मला स्वतः कर्ज काढल्यावर आली. आरतीला ते आत आले, पण आवाज लागला नाही.

जेवणे झाल्यावर आईने पाटावरची वही उचलली, उलटी केली, मागचे कोरे पान उघडले आणि बाबांपुढे ठेवली. "आता इकडून लिहा."

"काय लिहू?"

"त्याच्याजवळ वही आहे म्हणून त्याचं लिहिलं जातं. ज्यांच्याजवळ वही नाही, त्यांचं कोण लिहील?"

मग ती सांगत गेली आणि बाबा दौत-टाक घेऊन लिहीत गेले. धाकटीच्या वेळची सुईण: लुगडे एक. आमची गाय वर्षभर रानात राखणारा गोवारी: धान पायली तीन. पावसाळ्यात घरावरची कवेलू सारून दिली त्याची मजुरी. मी तापाने वीस दिवस पडलो होतो तेव्हा शेजारच्या काकू रोज तांब्याभर दूध देत. बाबांनी विचारले, "दुधाचे किती धरू?"

"त्याला भाव नका लावू. नुसतं नाव लिहा."

लिहिणे संपले तेव्हा बाबांचा चेहरा हलका झाला होता, हे मी कंदिलाच्या उजेडात पाहिले. पुढच्या पानांवर जे देणे होते त्यापेक्षा मागचे थोडे नव्हते. तरी हलका झाला खरा.

दुसरा दिवस गायगोधनाचा. शहरातल्या वाचकांनी हा सण कदाचित पाहिला नसेल. त्या दिवशी गोवारी मंडळी उंच बांबूला मोरपिसे बांधलेली ढाल घेऊन, वाजतगाजत नाचत दारोदार येतात. गाई रंगवलेल्या, शिंगांना झेंडू. घरधनीण सुपात धान घालते, कुणी पैसा देतो. सारे त्याला ओवाळणी म्हणतात. खरे म्हणजे त्यात बऱ्याच वेळा वर्षभराची मजुरीच असते, आणि द्यायला उशीर झालेली मजुरी आपण हसतमुखाने दान म्हणून देतो. आईच्या सुपात त्या दिवशी दोन ओंजळी धान होते. ती म्हणाली, "तीन पायली राहिलेत. लिहून ठेवलेत हं आम्ही."

म्हातारा गोवारी हसला. "लिवून कायले ठेवता जी, बाई? गाय काय पळून जाते?" आणि त्याने आमच्या गाईच्या पाठीवर हात फिरवून तिच्या नावाने गाणे म्हटले. मला त्याचा राग आला. आमची थट्टा करतो आहे असे वाटले.

पगार आला. संक्रांतीपर्यंत पुढची पाने फिटली. दुकानदाराने आडवी रेघ मारून खाली सही केली. होळीला सुईणीला लुगडे गेले. मागच्या पानावर बाबा एकेक ओळ तांबड्या शाईने खोडत आणि आईला बोलावून दाखवत. धान मात्र महाग होते. तीन पायली पुढच्या पिकावर टाकली. पुढच्या पिकाआधी, १९६६ च्या उन्हाळ्यात बाबांची बदली झाली. आमची बैलगाडी निघाली तेव्हा गोवारी गुरे घेऊन रानात होता. पाठवून देऊ, असे बाबा म्हणाले. दुकानदाराचे राहिले असते तर पत्र आले असते. याचे कुठून येणार?

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर गेला. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, एवढे मागणे होते. चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली; त्यांत बायका आणि लेकरे फार. मी त्या वेळी नोकरीनिमित्त नागपुरातच होतो. रात्री ट्रंकेच्या तळाशी असलेली ती वही काढली. मेलेल्यांत त्याचे कुणी असेल का, नातू, लेक, सून, असे वाटून गेले, आणि नाव पाहायला मागचे पान उघडले.

काकूंचे नाव होते. कवेलू सारणाऱ्याचे होते. त्यांच्या खाली, न खोडलेली, बाबांच्या सुवाच्य अक्षरातली ओळ: गोवारी. गाय एक. धान पायली तीन. बाकी.