माझ्या ताटाचे नियम

आपल्या शाळेत सकाळच्या राउझरपासून लाइट्स आउटपर्यंत सगळे ठरलेले असते. मेसमध्ये किती वाजता जायचे, काटा कोणत्या हातात धरायचा, हेसुद्धा. पण ताटात काय आणि किती घ्यायचे ते आपल्यावर सोडलेले आहे. म्हणून त्याचे नियम मी स्वतःच केले आहेत.

पहिला नियम सोपा. आधी कमी घ्यायचे, मग पुन्हा मागायचे. पीटीनंतर भुकेच्या भरात ताट शिगोशीग भरले जाते आणि अर्धे उष्ट्याच्या टबात जाते. मेसमधले भैया आपल्या आधी उठून कणीक मळतात, हे लक्षात ठेवले की हात आपोआप आवरतो.

दुसरा नियम कँटीनचा. पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. जे सर्वांत जास्त, ते पहिले. पहिल्या तिनात साखर असेल तर ते पाकीट मी फक्त रविवारी घेतो. (रविवारी माझ्या नियमांनाही थोडी सुट्टी असते.)

बाजरीला मात्र मी कधीच नाही म्हणत नाही. इथे राजस्थानात हिवाळ्यात बाजऱ्याची रोटी होते, तेव्हा टेबलावरच्या निम्म्या मुलांच्या रोट्या माझ्याकडे सरकतात. आमचा माण तालुका दुष्काळी. बाजरी कमी पाण्यात येते, म्हणून आम्ही ती खात मोठे झालो. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. त्याच वर्षी भारतीय सैन्याने जवानांच्या शिध्यात भरडधान्याचे पीठ पुन्हा सुरू केले. गव्हाच्या पिठामुळे ते पन्नासहून जास्त वर्षे बंद होते. हे मी टेबलावर सांगून पाहिले, पण रोट्या सरकायच्या थांबल्या नाहीत. माझी तक्रार नाही.

अवघड नियम मटणाचा आहे. माझे आजोबा माळकरी आहेत, घरात अंडेसुद्धा येत नाही. मी इकडे यायला निघालो तेव्हा ते म्हणाले, "माळ माझ्या गळ्यात हाय, तुझ्या न्हाय. तुला पळायचं हाय. काय खायाचं ते तुझं तू ठरव." त्यांनी मनाई केली असती तर सोपे झाले असते!

मी बराच विचार करून ठरवले. अंडी खायची. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि क्रॉस कंट्रीच्या दिवसांत ती लागतात. बाकीची दूध, राजमा आणि भिजवलेल्या हरभऱ्यांतून मिळतात. मटण-चिकन खायचे नाही. घरी शेळ्या आहेत. करडाला बाटलीने दूध पाजलेले आहे, त्यामुळे ते ताटात आले तर घास उतरणार नाही.

पण यात एक अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. शेळ्या पाळल्या की बोकडही जन्मतात, आणि बोकड आठवडे बाजारात विकले जातात. घेणारा त्यांना कशाला नेतो हे सगळ्यांना माहीत असते. मी इथे आलो तेव्हाची ट्रंक, बूट आणि रेल्वेचे तिकीट दोन बोकडांच्या पैशांतून झाले. म्हणजे मी मटण खात नाही, पण मटणाच्या पैशावरच इथे पोचलो.

म्हणून चिकनच्या दिवशी मी वेगळ्या टेबलावर बसत नाही आणि कुणाच्या ताटाकडे बघून नाक मुरडत नाही. माझा बंकमेट कोकणातला आहे. मासे नसतील तर जेवण झाले असे त्याला वाटत नाही. त्याने एकदा विचारले, "तू पुण्य करतोस का?" मी म्हटले, "नाही रे, मला फक्त खाववत नाही." त्याला ते पटले. आता माझ्या वाटणीचे चिकन तो घेतो आणि त्याच्या वाटणीची बाजऱ्याची रोटी मी.

मे महिन्याच्या सुट्टीत आजोबांना एकच विचारायचे आहे. बोकड न विकता शेळ्या ठेवणे परवडेल का? चाऱ्याचा भाव बघता उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे. तरी विचारणार आहे.