एक शब्द आणि साठ रुपये

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत पुस्तक उशिरां परत केलें म्हणजे ‘फाइन’ भरावा लागतो. परवां वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, खिशांतून पैसे जातात, त्याला इंग्रज ‘उत्तम’ कां म्हणतो?” वर्ग हंसला. आम्हांला मात्र पर्वणीच मिळाली. शब्दाचें मूळ सांगावयाचें म्हटलें कीं आम्हांला घड्याळ दिसत नाहीं.

मूळ लॅटिन शब्द ‘फिनिस्’, म्हणजे सीमा, शेवट. जें शेवटास गेलें, ज्यांत करावयाचें कांहीं उरलें नाहीं, तें उत्तम. ह्याच अर्थानें शब्द फ्रेंचांतून इंग्रजींत आला आणि मग शुद्ध सोनें, तलम कापड, बारीक वाळू, निरभ्र दिवस, सारेंच ‘फाइन’ झालें.

दंडाचा ‘फाइन’ही त्याच घरचा. मध्ययुगीन इंग्लंडांत तंटा मिटविण्यासाठीं दिलेली रक्कम ती ‘फाइन’. ती दिली कीं वादाचा शेवट. जमीन दुसऱ्याच्या नांवें करावयाची असली म्हणजे लोक राजाच्या न्यायालयांत लुटुपुटीचा दावा लावीत व लगेच तडजोड नोंदवीत. त्या तडजोडीसही ‘फाइन’च म्हणत. एकाच चर्मपत्रावर मजकूर तीनदां लिहून तें नागमोडी कापीत. दोन तुकडे पक्षकारांचे. तळचा तुकडा ११९५ पासून सरकारी दप्तरांत राहूं लागला. १८३३ च्या कायद्यानें ही वहिवाट मोडली. (‘फायनान्स’ही देणें चुकतें करण्यांतूनच निघाला, हें कर्जबाजारी सरकारांस कोणीं सांगावें!) आमच्या ‘दंड’ शब्दांत समेटाची अशी भाषा नाहीं; तो मुळांत सोटाच.

“म्हणजे पैसे भरले कीं तंटा मिटला?” त्यानें विचारलें.

“अर्थात्!” आम्ही म्हणालों. दुसऱ्या दिवशीं त्यानें साठ रुपये भरले.

पुढें महिन्याभरानें तेंच पुस्तक आम्हांला पुन्हां लागलें. आंत आमच्याच हस्ताक्षरांतली खुणेची चिठी निघाली, आणि एकदम आठवलें : दोन दिवसांकरितां म्हणून तें आम्हींच त्याच्याकडून घेतलें होतें व तीन आठवडे ठेवलें होतें. त्या दिवशीं वर्गांत तो ह्याविषयीं चकार शब्द बोलला नव्हता.

आम्हीं त्याला बोलावून साठ रुपये पुढें केले. तो संकोचला, पैशांना हात न लावतां “फाइन आहे, सर,” एवढेंच म्हणाला व निघून गेला.

कोणत्या अर्थानें, हें विचारण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं. पैसे अजून खणांत पडून आहेत.