जुळलेली रेघ

संमेलनांत आम्ही छायाचित्रें काढूं लागलों कीं विद्यार्थी भोंवतीं जमतात आणि हटकून एकच प्रश्न विचारतात, “सर, तुमचा कॅमेरा आपोआप फोकस करीत नाहीं का?” करितो. परंतु कित्येक वर्षें आम्हीं त्यास तें करूं दिलें नाहीं. त्या हट्टापायीं आमच्या हातून काय निसटलें, हें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

आष्टीच्या घरीं बाबांजवळ फिल्मचा एक जुना कॅमेरा होता. त्यांतून पाहिलें असतां मधोमध एक लहानसें वर्तुळ दिसे, आडवें दुभागलेलें. समोर दाराची चौकट असली, तर त्या वर्तुळांत ती मोडल्यासारखी वाटे; वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे. भिंगाचें कडें हळूहळू फिरवीत गेलें म्हणजे दोन्ही तुकडे सरकत एका रेषेंत येत. “रेघ जुळली कीं श्वास धर, आणि मग बटण दाब,” असें बाबा सांगत. करामत एवढीच, कीं तेथें कांचेच्या दोन पाचरी उलटसुलट उतारानें बसविलेल्या असतात. एक पाचर भिंगाच्या एका कडेनें आलेला प्रकाश दाखविते, दुसरी दुसऱ्या कडेचा. अंतर नेमकें साधलें म्हणजे दोन्ही प्रतिमा एक होतात. एखादी वस्तु पुरती स्पष्ट झाली कीं थोडी उरली, हें ठरवितांना डोळा फसतो. पण रेघ तुटली कीं जुळली, हें त्यास तत्काळ कळतें.

आमच्याच जिल्ह्यांत, सेवाग्रामच्या आश्रमांत, कनु गांधी यांनीं महात्माजींचीं छायाचित्रें काढलीं, तेव्हां त्यांच्यापाशीं एवढीही सोय नव्हती. घनश्यामदास बिर्ला यांनीं दिलेल्या १०० रुपयांतून त्यांचा रोलिफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली. महात्माजींच्या अटी तीन : प्रकाशाचा झोत टाकावयाचा नाहीं, मुद्दाम बसा-उभे राहा म्हणावयाचें नाहीं, आणि आश्रमाचा पैसा मिळावयाचा नाहीं. रोलिफ्लेक्समध्यें वरून वाकून दुधी कांचेंत पाहावें लागतें, आणि तेथें डावें उजवीकडे दिसतें. बारकाईनें पाहण्यासाठीं एक लहानसें भिंग वर उघडतें, इतकीच काय ती मदत. झपझप चालणारा माणूस व झोपडींतला उजेड, यांत हें साधावयाचें! तीं चित्रें पाहतांना आम्हांस प्रत्येक वेळीं त्या वाकलेल्या मानेची आठवण होते.

पुढें १९७७ सालीं कोनिकाचा सी ३५ एएफ निघाला, १९८५ सालीं मिनोल्टाचा ७००० आला, आणि फोकस करण्याचें काम यंत्राकडे गेलें. रेघेचें तें वर्तुळही मग हळूहळू दिसेनासें झालें. तसा त्यांत दोष होताच. कमी प्रकाश घेणारें भिंग लाविलें कीं त्याचा अर्धा भाग काळा पडे. गंमत अशी, कीं आरशाच्या कॅमेऱ्यांतील यंत्रही भिंगाच्या दोन कडांकडून आलेल्या प्रतिमाच ताडून पाहतें. म्हणजे बाबांची रेघच तें जुळवितें, मात्र आपणांस न दाखवितां. हें आम्हांस पुष्कळ उशिरा कळलें.

कांहीं वर्षांपूर्वींचा नाताळ. बाबा अंगणांत खुर्ची टाकून उन्हांत बसले होते. आम्हीं आमच्या डिजिटल कॅमेऱ्यास ५० मिलिमीटरचें जुनें भिंग लाविलें व त्याचें छिद्र १.८ इतकें पूर्ण उघडलें. असें केलें असतां एक मीटरवर जेमतेम चार सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. दोन बोटें म्हणा ना! तोंवर आम्हांस चाळिशी लागली होती, पण चारचौघांत ती नाकावर चढविण्याची लाज वाटे. कॅमेऱ्यांत वर्तुळ तर नव्हतेंच. आम्हीं अदमासानें कडें फिरविलें. “रेघ जुळली का रे?” असें विचारीत बाबा किंचित् पुढें झुकले. “जुळली,” असें म्हणून आम्हीं बटण दाबलें.

शेजारीं भाची उभी होती. “मामा, मी एक काढूं?” तिनें आपला लहान कॅमेरा रोखला, पडद्यावर आजोबांच्या डोळ्याभोंवतीं हिरवा चौकोन उमटला, आणि काम झालें. “यांत तुझें काय ग?” असें आम्ही हंसून म्हणालों. पोर कांहीं बोलली नाहीं.

रात्रीं पाहतों तों आमच्या छायाचित्रांत बाबांच्या कानाजवळचे पांढरे केस एकेक मोजून घ्यावे इतके स्पष्ट, आणि डोळे धुक्यांत. उन्हाळ्याच्या सुटींत पुन्हां काढूं, असें मनाशीं म्हटलें. सुटी लागण्यापूर्वींच प्रभूनें बाबांस बोलाविलें. अंत्यविधीच्या उपासनेंत मंडळींपुढें छायाचित्र ठेविलें तें भाचीचें होतें. आमचें आम्हीं कोणास दाखविलें नाहीं.

यंत्र चुकत नाहीं असें मात्र नव्हे. १९४२ च्या हुतात्म्यांस आष्टींत १६ ऑगस्टला अभिवादन होत असतां आम्हीं यंत्रावर भिस्त ठेवून पाहिली, तर त्यानें पुढला झेंडूचा हार लख्ख टिपला, आणि मागें हात जोडून उभी असलेली म्हातारी पुसट झाली. कोणाकडे पाहावयाचें हें त्यास आम्हींच सांगावयास हवें होतें. आतां आम्ही चाळिशी लावितों, डोळ्यावरचा तो हिरवा चौकोनही वापरतों, आणि जेथें यंत्र हारांत अडकतें तेथें कडें हातानें फिरवितों.

बाबांचा कॅमेरा आम्हीं भाचीस दिला, व त्या दिवशीं बोललों त्याबद्दल तिची क्षमाही मागितली. ३६ चित्रांच्या पहिल्या रोलांत तिचीं ११ चित्रें नीट आलीं. त्यांतलें एक तिनें पाठविलें आहे : आष्टीच्या घराच्या दाराची चौकट, आणि तिच्याशीं टेकून ठेवलेली बाबांची काठी.