वाडीतल्या २ रात्री

अब्बांच्या इंतकालानंतर अम्मीची ४ महिने १० दिवसांची इद्दत संपली, तरी ती घराबाहेर पडेना. शेवटी बोईसरहून लोकलनं डहाणू रोड, तिथून रिक्षानं घोलवड गाठलं. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला चिकू तो इथलाच. चिकूच्या वाडीत एक जुनं इराणी घर पाहुण्यांना खोल्या देतं. उंच छत, मच्छरदाण्या, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. टीव्ही नाही, म्हणून मुलं आधी कुरकुरली.

अम्मीला काळजी जेवणाची. मालकीणबाई जरथुश्त्री, सत्तरीपुढच्या. त्यांनीच विचारलं, "गोश्त तुमच्या खाटकाकडून मागवू, की अंडी करू?"

"अंडीच करा," अम्मी म्हणाली.

मगरिबला बाईंनी धुतलेली चादर आणून दिली. किब्ला शोधायला नको. समुद्राची गाज यायची तिकडेच.

रात्री दोघी व्हरांड्यात बसल्या. बाईंचेही यजमान गेलेले. आत मला अम्मीचा आवाज ऐकू येत होता. अब्बा तारापूरला रात्रपाळीला जायचे, डबा अर्धा परत आणायचे... इतक्या महिन्यांत ती प्रथमच त्यांच्याविषयी बोलत होती. मी दिवा लावला नाही.

निघताना तिनं बाईंना विचारलं, "थंडीत खोली मिळेल ना?"